सील न तुटलेली पेटी

३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

एक कोडे घालतो. आपण घराला कुलूप लावतो, दहा पावले चालतो आणि थबकतो: कुलूप लावले की नाही? हात आत्ताच किल्लीवरून उतरला आहे, तरी आठवत नाही. उलट, किल्ली कुलपात अडकून बसल्याचा एखादा दिवस दहा वर्षांनीही आठवतो, अंगात कोणता सदरा होता इथपर्यंत. असे का व्हावे?

माझे उत्तर असे. जे काम हात रोज करतो त्याची नोंद मन ठेवत नाही. नोंद राहते ती अडखळण्याची. म्हणून बिनचूक केलेले काम आणि मुळात न केलेले काम, ही दोन्ही आठवणीत अगदी सारखी दिसतात. आपला सारा धंदा या एका गोष्टीविरुद्ध उभारलेला आहे.

आत्याकडून कळले की तुझी बदली माझ्या जुन्या डेपोत झाली आणि पहिल्या तारखेपासून चार नंबरच्या कोठाराचा ताबा तुझ्याकडे आला. अभिनंदन. चार वर्षे तू माझ्याशी बोललेली नाहीस आणि या पत्राला उत्तर देशील अशी अपेक्षाही नाही. तरीही, दारूगोळा तज्ज्ञ म्हणून कोठाराचा ताबा पहिल्यांदा घेणाऱ्याने काय अपेक्षा ठेवावी, हे तीस वर्षे शिकाऊ मुलांना सांगितले. ते स्वतःच्या मुलीला सांगायचे राहून जाऊ नये.

बाहेरचे लोक म्हणतात, 'दारूगोळ्यात आहात? म्हणजे रोज धडामधूम!' धडामधूम एकदाच होते, आणि त्यानंतरचे काम दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते. एरवीचा दिवस म्हणजे मोजणे, लिहिणे, झाडणे आणि पुन्हा मोजणे. दहा तासांच्या पाळीत पेटीला हात लागतो जेमतेम एक तास. उरलेले नऊ त्या पेटीच्या कागदांना. कामाच्या डगल्याला खिसे नसतात, कारण खिशात माणूस काहीही विसरतो. भिंती हातभर जाड, छप्पर मात्र पत्र्याचे. पहिल्याच आठवड्यात एखादा शिकाऊ विचारी, "मास्तर, छप्परच का कच्चं?" मी म्हणे, "आत स्फोट झाला तर तो कुठे जावा असं तुला वाटतं?" मग तो वर पाही, मग स्वतःकडे पाही. शेजारचे कोठार वाचावे, एवढीच त्या रचनेची अपेक्षा आहे. आतला माणूस तिने हिशोबात धरलेला नाही.

आणि एक नियम, ज्याच्यामुळे मी या खात्यावर जीव लावला. कोठारात कुणीही, अगदी झाडू मारणारासुद्धा, 'थांबा' म्हणाला की सर्वांनी हातातले काम जागच्या जागी सोडायचे. का, हे नंतर विचारायचे. हुद्दा आड येत नाही. मी तो शब्द इतक्या वेळा उच्चारला की माझे नावच 'थांबा मास्तर' पडले. तुझी आई म्हणे, "निदान घरात तरी चालू द्या!"

जाता जाता एक किरकोळ सूचना. चार नंबरमध्ये मागच्या भिंतीला लागून जो जुना लॉट आहे, त्याची फेरतपासणी करून घेतलीस तर बरे. विशेष काही नाही. नवा ताबा घेताना करावी, असे आपले मला वाटते.

तुझा,
बाबा

९ मार्च

चि. ठकूस,

उत्तर नाही, हे अपेक्षितच होते. आत्याने माझ्या पत्राची कच्ची प्रत वाचली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, तू पत्र लिहितोस की परिपत्रक काढतोस? लेकीला विचार जेवतेस का, झोपतेस का. छपराचं काय सांगतोस तिला? ती त्याच्याखालीच बसते!"

मग भाजी निवडता निवडता तिने सहज सांगितले की एकवीस तारखेला तुला जुना माल हलवायचा आहे. चार ट्रक. दूरच्या सराव मैदानावर. दिवसभराचा प्रवास, आणि माल चढवताना तू स्वतः उभी राहणार.

"कोणता जुना माल?"

"मला काय ठाऊक? मागच्या भिंतीचा म्हणाली."

मी म्हणालो, "तिला फोन कर. सांग, तो हलवू नकोस."

"मी नाही सांगायची. मागे तुझा निरोप दिला तर आठ दिवस फोन उचलला नाही तिने. मला एकच भाची आहे, दादा."

म्हणून पुन्हा लिहितो आहे. तोफेची दारू म्हातारी होते, हे तू शिकली आहेस. तरी मला सांगू दे, कारण हा धडा मी जितक्यांदा शिकवला तितक्यांदा मला नव्याने आनंद झाला. पेन्सिलीतल्या शिशासारख्या त्या कांड्या बनल्या त्या दिवसापासून आतल्या आत, अतिशय सावकाश, कुजत असतात. कुजताना आम्लाचा वायू सुटतो आणि तोच वायू कुजणे वाढवतो. म्हणून बनवतानाच तिच्यात एक औषध घालतात, जे हा वायू पिऊन टाकते. औषध शिल्लक आहे तोवर पेटी गार आणि शहाणी. औषध संपले की पेटी आतून तापू लागते, आणि मग तिला पेटवायला काडी लागत नाही. एक उन्हाचा दिवस आणि बंद ट्रक पुरतो.

औषध किती उरले हे कसे पाहायचे? कांड्यांचा चुरा काचेच्या नळीत घालायचा, वर जांभळा कागद लटकवायचा, नळी तापवायची आणि घड्याळ लावायचे. कागद चाळीस मिनिटे जांभळा राहिला तर दारू तरुण. किती देखणी कल्पना आहे पाहा! बोटाएवढ्या कागदाने टनावारी मालाचे वय सांगावे! मात्र तो सांगतो ते नळीतल्या चिमूटभर चुऱ्याबद्दल. ती चिमूट कुठून आली, हे कागदाला माहीत नसते.

तू म्हणशील, बाबांना पुन्हा मला या कामातून ओढून काढायचे आहे. तसे म्हणायला मीच जागा ठेवली. चार वर्षांपूर्वी तुझे नेमणुकीचे पत्र मी टेबलाच्या खणात लपवले. तू रोज विचारीस, मी रोज 'टपालात गहाळ झालं असेल' म्हणे. मुदत उलटल्यावर ते तुला सापडले. तू एवढेच विचारलेस, "मी मुलगी आहे म्हणून ना?" मी 'होय' म्हणालो आणि तू पिशवी भरलीस. पुढच्या वर्षी दुसऱ्या डेपोतून तू याच खात्यात शिरलीसच. ते 'होय' खोटे होते. खरे कारण त्याहून वाईट आहे, आणि ते लिहायला माझा हात आज उचलत नाही.

एकवीस तारखेला रजा घे. ताप आला म्हण. तापाचे कारण तरी दे, ठकू.

बाबा

१३ मार्च

चि. ठकूस,

तुझे कार्ड मिळाले. चार वर्षांतले पहिले अक्षर, म्हणून मी ते आधी नुसते पाहिले, नंतर वाचले. 'पत्रे मिळाली. एकदा तुम्ही माझे पत्र लपवलेत, आता पत्रे पाठवून तेच करता आहात. लॉटचे कागद मी पाहिले. वर्ग अ, पुढची तपासणी पुढच्या वर्षी, दोन सह्या, पैकी एक तुमची. कृपया थांबा.'

तुझ्या जागी मीही हेच लिहिले असते. कागद पाहून मत बनवावे, हे तुला कुणी शिकवले ते मला माहीत आहे.

मी तुझ्या कार्यालयात फोन केला होता. तिथला कारकून मला ओळखतो.

"मास्तर, कागद चोख आहेत. सह्या दोन, शिक्के दोन. एक सही तर तुमचीच, वाचून दाखवू?"

"माझी आहे म्हणूनच फोन केला."

"आता सही करणारेच शंका घ्यायला लागले तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? लेखी द्या. साहेब दौऱ्यावर आहेत, बावीसला येतील."

लेखी दिले. 'फेरतपासणी इष्ट वाटते' एवढेच दिले. बावीस तारखेला ते वाचले जाईल.

मग दुसऱ्या सहीकडे गेलो. भिंगवाले तुला आठवत असतील. तपासणीत कायम माझे जोडीदार, गळ्यात दोरीला भिंग. त्या दिवसाचे काही त्यांना आठवत असेल तर दोघांनी मिळून लिहावे, असा माझा विचार होता. ते खिडकीशी बसले होते. मला पाहून आनंदाने हसले.

"नऊ वर्षांपूर्वीची चार नंबरची तपासणी आठवते?"

"होय, होय."

"मागच्या भिंतीचा लॉट?"

"होय."

"थप्पी मोडायला माणसं पुरेशी होती?"

"होय तर!"

मला संशय आला. म्हणालो, "त्या दिवशी फार पाऊस होता ना?"

"होय, फार पाऊस."

"छे, कडक ऊन होतं."

"होय, ऊन. फार ऊन."

वहिनी दारातून म्हणाल्या, "भाऊजी, कशाला छळता स्वतःला? वर्ष झालं, ते सगळ्यालाच होय म्हणतात. कालपासून मला आई म्हणताहेत, आणि मीही ओ देते."

मी त्यांच्या जिन्यात बराच वेळ बसून राहिलो. त्या दिवसाचा साक्षीदार आता एकच उरला आहे, आणि तो तुला ताप आल्याचे खोटे सांगायला शिकवतो आहे.

बाबा

१६ मार्च

चि. ठकूस,

आता सर्व क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर मी पुन्हा काहीतरी झाकीन.

तपासणीत दहा पेट्या निवडतात. त्यांच्या क्रमांकाच्या याद्या दोन. एक परीक्षक यादी घेऊन दाराशी टेबलावर बसतो. दुसरा आपली यादी घेऊन थप्प्यांमध्ये जातो, पेटी काढतो आणि तिच्यावरचा लॉट व क्रमांक मोठ्याने वाचतो. टेबलावरच्याने ऐकायचे आणि ताडायचे. त्याने क्रमांक स्वतः उच्चारायचा नाही. 'ही एकशे बेचाळीस ना?' असे एकदा विचारले की समोरचा डोळ्यांनी वाचत नाही, कानांनी वाचतो. हा नियम पुस्तकात दीड ओळीचा आहे. मी त्यावर एक तास बोलत असे आणि मुले तल्लीन होत.

त्या वेळी चार नंबरमध्ये दोन लॉट होते. दाराजवळचा नवा, मागच्या भिंतीचा अकरा वर्षांनी जुना. पेट्यांचे क्रमांक दोन्हींत एक ते तीनशे. फरक लॉटच्या अक्षरात. मागच्या पेट्या काढायच्या तर पुढच्या साठ हलवायला हव्या होत्या. दुसऱ्या दिवशी वरून पाहणी येणार होती. आणि टेबलावर, ठकू, मी होतो.

"एकशे बेचाळीस ना?" मी ओरडलो.

"होय," थप्प्यांमधून भिंगवाले.

"सत्तावन्न ना?"

"होय."

दहा वेळा मी विचारले, दहा वेळा होय आले. लॉटचे अक्षर मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. दुपारच्या आत पेट्या बाहेर.

नळ्या लावल्या. दहाही कागद अठ्ठेचाळीस मिनिटे टिकले. आठवड्यापूर्वी दाराजवळच्या लॉटचेही नेमके तेवढेच टिकले होते. वयात अकरा वर्षांचे अंतर असलेले दोन लॉट एका मिनिटावर येत नाहीत, हे परीक्षेत मी मुलांना प्रश्न म्हणून घालत असे. त्या दिवशी मला फक्त बरे वाटले. वर्ग अ. पुढची तपासणी दहा वर्षांनी. सही.

महिन्याने मोजणीला आत गेलो तेव्हा मागच्या थप्पीतली एकशे बेचाळिसावी पेटी डोळ्यांसमोर आली. पेटी उघडली की जुने सील तुटते आणि त्या वर्षाचा आकडा दाबलेले नवे शिशाचे सील लागते. या पेटीवर कारखान्याचेच सील होते. न तुटलेले. मी तिच्यासमोर उभा राहिलो. आजूबाजूला सहा माणसे काम करीत होती आणि मला एकच शब्द उच्चारायचा होता, जो माझे नाव होता.

तो मी उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या तुकडीला तोच दीड ओळीचा नियम शिकवायचा होता. शिकवला. उत्तम शिकवला.

पुढे स्वतःला सांगत राहिलो की एखाद्या निमित्ताने तपासणी लवकर लावून घेईन. निमित्त शोधता शोधता निवृत्त झालो. मग तुझे नेमणुकीचे पत्र आले आणि त्यावर त्याच डेपोचे नाव होते. मुलगी म्हणून नाही, ठकू. त्या छपराखाली माझी सही होती म्हणून.

त्या लॉटचे वय आज एकतीस वर्षे आहे आणि माझ्या सहीच्या तपासणीत त्यातली एकही कांडी नळीत गेलेली नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तो मागण्याचा अधिकार मी खणात घालून बंद केला. फक्त मागच्या भिंतीकडून तिसऱ्या रांगेत जा आणि एकशे बेचाळिसाव्या पेटीचे सील पाहा. काही हलवू नकोस, नुसते पाहा. त्यावर तपासणीच्या वर्षाचा आकडा असेल तर तुझा बाप खोटारडा म्हातारा आहे. ही पत्रे फाडून टाक आणि ट्रक भर. याच मजकुराचा सहीनिशी कबुलीजबाब मी कार्यालयाला वेगळा पाठवला आहे. तोही बावीस तारखेलाच उघडला जाईल.

बाबा

१९ मार्च

ठकू,

पत्र तुझ्या हाती पडल्याची पावती आली. ते उघडल्याची पावती टपालखाते देत नाही.

आत्याने सकाळी चहाचा कप माझ्यापुढे आदळला. कबुलीची प्रत तिने वाचली आहे. दुपारी तिने स्वतःहून फोन लावला. मी दाराआड उभा होतो.

"ठकू, बाबाचं पत्र आलंय ना? उघड."

तुझे बोलणे मला ऐकू आले नाही.

"मला माहितीये तो काय आहे ते. तुझ्याआधी माझा भाऊ आहे तो, जास्त वर्षं सोसलंय मी. तरी उघड. ... नाही, मी नाही सांगायची आत काय आहे. मी सांगितलं तर तुला वाटेल त्यानेच पढवलं. ... बरं. ठेव."

"काय म्हणाली?" मी विचारले.

"बघते म्हणाली. अशी बघते म्हणाली की बघणार नाही."

परवा ट्रक लागतील. मी तिथवर आलो तरी मला फाटकाच्या आत कुणी घेणार नाही. निवृत्ताचा पास बंद होतो. आत एकच माणूस 'थांबा' म्हणू शकतो. हे पत्रही वेळेवर पोहोचणार नाही. तरी लिहितो, कारण हात रिकामे ठेवता येत नाहीत.

२९ मार्च

चि. ठकूस,

वीस तारखेला तुझा फोन आला तेव्हा मी चार वर्षे घोकलेले सगळे विसरलो. तू 'कसे आहात' म्हणाली नाहीस. तू विचारलेस, "त्या दिवशी पेट्या कोणत्या रांगेतून काढल्या होत्या?"

मी म्हणालो, "माहीत नाही. मी विचारलं नाही."

"बरं," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला त्या 'बरं'चा अर्थ लागला नाही. एकवीसची सकाळ मी कशी काढली ते आत्याला विचार. तिने घड्याळच भिंतीवरून काढून कपाटात ठेवले होते.

पुढचे तिच्याकडूनच कळले. चार ट्रक रांगेत, चालक शिव्या देताहेत, वरून फोनवर फोन, आणि तू तिसऱ्या रांगेसमोर उभी राहून थांबा म्हणालीस. पहिल्या नळीतला कागद नवव्या मिनिटाला फिकटला. तिसरीतला सहाव्या. चाळीस मिनिटे तरी टिकायला हवेत, तिथे सहा. त्या ट्रकांना उन्हातून अख्खा दिवस जायचे होते.

चौकशी सुरू झाली आहे. चौकशी अधिकारी माझाच जुना विद्यार्थी, भला माणूस. मला खुर्ची दिली, पाणी दिले, कागदावर पेन टेकवले आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, नजरचूक झाली ना?"

होय म्हटले असते तर पाच मिनिटांत संपले असते. त्यालाही तेच हवे होते. शब्द जिभेवर आला होता. मी म्हणालो, "साहेब, असं विचारायचं नसतं. काय झालं, असं विचारा."

त्याने पेन खाली ठेवले. मग विचारले, "काय झालं?" मी चार तास सांगत होतो. महिन्याने पाहिलेले सीलही सांगितले. ते नजरचुकीत बसत नाही. त्याचे काय व्हायचे ते होईल.

मला झोप लागत नाही ती यामुळे नव्हे. तो लॉट नष्ट करायचा आहे, थोडा थोडा, सहा आठवडे, आणि ते काम तू मागून घेतले आहेस. घेऊ नकोस म्हणण्याची सोय मी स्वतःच मोडली. प्रत्येक पेटीशी तुझ्यासोबत दुसरी सही लागेल आणि त्या जागेसाठी दोन उमेदवार आहेत, असे आत्या सांगते. दोघेही हुशार, दोघांचेही कागद चोख. कोणता घ्यावा, हे कागद सांगणार नाहीत.

म्हणून एक साधा प्रयोग सांगतो. त्याला नळी लागत नाही की घड्याळ. तुमच्या कार्यालयाच्या जिन्याच्या पायऱ्या आधी स्वतः मोज. मग रोज तो जिना चढणाऱ्या कुणालाही, दोन पायऱ्या वाढवून, सहज विचार. इथल्या जिन्याला सोळा आहेत. मी काल आत्याला म्हणालो, "आपल्याला अठरा पायऱ्या ना गं?" "हो, अठराच," ती म्हणाली, आणि ती त्या जिन्यावरून सहा वर्षे जा-ये करते आहे. बहुतेक माणसे असेच करतील. त्यात वाईट काही नाही, त्यांच्यासोबत चहा प्यावा. तू त्या दोघांना एकेकट्याला गाठ, चुकीचा आकडा सांग, 'ना' जोडून विचार, आणि पुढे काही बोलू नकोस.

एखादा बसल्या जागेवरून होय म्हणेल. एखादा म्हणेल, "थांबा हं, बघून येतो," आणि जिन्याकडे जाईल.

जो उठेल त्याला घे.

बाबा